परेतीनची किंकाळी

१

दचका मंडळात माणसं हौसेनं दचकायला येत. पण त्या रविवारी दुपारी बसलेला दचका कुणीच मागितलेला नव्हता.

छत्तीसगडातल्या त्या शहरात, बुढापारा मोहल्ल्यातल्या वाचनालयाचा वरचा हॉल भरला होता. पडदा टांगून झाला होता, जुनापुराणा व्हीसीआर प्रोजेक्टरला कसाबसा जोडून झाला होता. दिवाकर सोनटक्क्यांनी पिशवीतून काळी प्लास्टिकची डबी काढली, कपाळाला लावली आणि उघडली. मग ते तसेच उभे राहिले.

"रिकामी हाये," ते म्हणाले. "नीलिमाताई, डबी रिकामी हाये! कॅसेट गेली!"

हॉलमध्ये आधी कुणीतरी हसलं. भुताच्या सिनेमाच्या आधी असला चावटपणा शोभून दिसतो. पण सोनटक्के मट्कन खुर्चीत बसले, त्यांची मुलगी गंधाली "पापा! पापा!" करत धावली, आणि हसणाऱ्याचं तोंड आपोआप मिटलं.

नीलिमाताई गजभिये मात्र सोनटक्क्यांकडे बघत नव्हत्या. त्या बघत होत्या पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या भाचीकडे. चेतना रडली नाही, ओरडली नाही. पडद्यावर एकटक नजर लावून बसली होती, तशीच बसून राहिली.

हे मंडळ म्हणजे एक मजेशीर प्रकरण होतं. दर रविवारी जमायचं आणि एकमेकांना भुताचे सिनेमे सुचवायचे, एवढाच उद्योग. म्हाताऱ्यांना जुने, धुक्यातले, दारं करकरणारे सिनेमे आवडायचे. विकीसारख्या पोरांना कवडीमोलात काढलेले विचित्र सिनेमे प्यारे. एकात तर प्रेशर कुकरला भूत लागलं होतं आणि तिसऱ्या शिट्टीला माणूस मरायचा. मंडळाचा एकच नियम होता आणि तो नीलिमाताईंनी घातलेला होता. सिनेमा कुणी पाहावा ते नंतर सांगायचं, कुणी पाहू नये ते आधी.

विकी यादव हा नियम विसरला आणि तिथून सगळं सुरू झालं. आपल्या मोबाइलवरच्या चॅनेलवर त्यानं 'परेतीन पारा' नावाच्या सिनेमाची शिफारस केली. सदर बाजारात लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ चालवणाऱ्या सोनटक्क्यांनी तो ऐन उमेदीत, स्वतःच्या कॅमेऱ्यावर काढला होता. बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत, म्हणजे आपली अलवंतीण, तिला छत्तीसगडीत परेतीन म्हणतात, आणि पारा म्हणजे वस्ती. सिनेमा एकदाच केबलवर लागला आणि लोक विसरले. सोनटक्क्यांनी विकीला त्यातला एक तुकडा दिला होता, परेतीन किंचाळते तेवढाच. विकीनं त्यावर लिहिलं, 'इससे असली चीख आज तक किसी ने नहीं मारी.' तुकडा गावभर फिरला आणि फिरत फिरत चेतनाच्या मोबाइलवर आला.

तिनं तो पाहिला आणि मोबाइल हातातून पडला. पडद्यावरचा चेहरा तिच्या घरातल्या भिंतीवर होता. हार घातलेला.

परेतीन झाली होती माया. चेतनाची आई. चेतनाला जन्म देऊन त्याच दिवशी गेलेली. चेतना तिला 'फोटोवाली मम्मी' म्हणायची, कारण फोटोपलीकडे तिनं तिला कधी पाहिलंच नव्हतं. चालताना नाही, बोलताना नाही. किंकाळीचा तो तुकडा सोडला तर जगात माया हलते-बोलते अशी एकच जागा होती, ती ही कॅसेट.

"आत्या," चेतना अखेर म्हणाली. मराठी तिला सगळी समजायची, पण बोलायची ती हिंदीच. "किसने किया? बस इतना बता दो."

नीलिमाताईंनी रेल्वेच्या क्लेम ऑफिसात हयात घालवली होती. हरवलेली पार्सलं शोधायची आणि चोराला बोलतं करायचं, हेच काम.

"सांगते," त्या म्हणाल्या. नंतर त्यांना वाटलं, जिभेला हाड असतं तर बरं झालं असतं.

२

सोनटक्क्यांच्या स्टुडिओमागची कोठी पाहून नीलिमाताई दारातच थबकल्या. कोणी उंदीर पकडायला मांजरांची पलटण सोडावी तशी गत होती. खोकी उपडी, कॅसेटी विखुरलेल्या, कुणाच्या मुंडणात कुणाचं बारसं मिसळलेलं.

"हे सकाळीच असं होतं," सोनटक्के म्हणाले. "मी दचकलो, पण आमची कॅसेट असलेलं खोकं जागच्या जागी दिसलं. म्हटलं, चला, वाचलो! सुतळी न सोडता बाजूनं हात घालून डबी ओढली अन् पिशवीत टाकली. उघडून नाही पाहिली. अक्कल गहाण पडली होती माझी."

"कोणतं खोकं?"

त्यांनी वर बोट दाखवलं. कपाटाच्या माथ्यावर, छताला टेकेल असं एक खोकं होतं आणि त्यावर जाड काळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'खाली'.

नीलिमाताईंना तशाही स्थितीत हसू आलं. "बसवलं वर, अन् नाव ठेवलं खाली?"

"अवो, पहिले खालच्या फळीवरच होतं. एका पावसात पाणी घुसलं कोठीत, तवा वर चढवलं. लिहिलेलं तसंच राहिलं. विकीच्या त्या शिफारशीनंतर लोक विचारून राहिले होते, म्हणून मुद्दाम त्याच्यात लपवली. मूळ कॅसेट हो, एक तुकडा न कापलेली! केबलवर दाखवली ते कापलेली होती, तिले तर बुरशी लागून गेली."

"पापा, ये डब्बा तो मैं कब से फेंकने बोल रही हूँ," गंधाली खोकी आवरता आवरता म्हणाली. "फालतू में जगह घेर के रखा है."

नीलिमाताई स्टुलावर चढल्या. बाकीच्या खोक्यांवरची धूळ बोटांनी फरफटलेली होती, सुतळ्या कापून भिरकावलेल्या होत्या. या एकाच खोक्याची सुतळी सोडून पुन्हा नीट बांधलेली होती. गाठ घट्ट, पण एक टोक ओढलं की सुटणारी. सोनटक्क्यांना इतकी देखणी गाठ येत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"काल इथं कोण कोण आलं होतं?"

"विकी आला. पोस्टर पाहिजे म्हणून गंधालीकडून चावी घेतली त्यानं. मग हिरालाल साहू आला, माझ्याच सिनेमातला बैगा, लंगोट नेसून भूत उतरवणारा. आता नगरसेवकाचं तिकीट मागून राहिला. मले म्हणे, भाऊ, थो सिनेमा जाळून टाक, लोक मले लंगोटात पाहतीन. मी गिऱ्हाइकाशी बोलत होतो, तर हा कोठीत जाऊन उभा."

"अजून?"

"तुमचा श्यामकांत आला होता. इतक्या वर्षांनी पायरी चढला बिचारा. मी चहा सांगायले बाहेर गेलो, परत येतो तर निघून गेला होता. पाणी तेवढं पिलं."

नीलिमाताईंनी मान डोलावली. धाकटा भाऊ, चेतनाचा बाप, बायकोची आठवण येऊन गेला असेल, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी मनात दोन नावं धरली, विकी आणि हिरालाल, आणि तिसरं सोडून दिलं. क्लेम ऑफिसात एखाद्या नवशिक्यानं असं केलं असतं तर त्यांनी त्याची पार खरडपट्टी काढली असती.

३

विकी बुढा तलावाच्या काठी सापडला, आणि सापडताच रडकुंडीला आला.

"दीदी, कोठी मैंने ही उलटी-पलटी की," तो म्हणाला. "पर कैसेट मैंने नहीं ली, आपकी कसम!"

"माझी कसम कशाले खातो? स्वतःची खा. काहून घुसला होता?"

"अंकल का भरोसा नहीं था. ऐन टाइम पे ना बोल देते तो? मैं सोचा, पहले ही कॉपी बना लूँ. मेरी सिफारिश से ही तो लोगों को पता चला ना दीदी! खालीवाला छोड़ के एक-एक डब्बा देखा. थी ही नहीं वहाँ."

खालीवाला, म्हणजे खालच्या फळीवरचा? नीलिमाताईंनी कोठी आठवून पाहिली. खालच्या फळीवर तर डबे नव्हतेच, नुसत्या वायरींचे गुंडाळे होते. पोट्टा घाबरून काहीतरी बरळतो आहे असं त्यांना वाटलं.

"अन् थे शिफारस करताना नियम काहून नाही पाळला? कुणी पाहू नये, ते काहून नाही लिहिलं?"

विकी खाली बघू लागला. "मुझे क्या पता था दीदी, कि उसकी बेटी यहीं रहती है?"

नीलिमाताई तिथून थेट हिरालालकडे गेल्या.

हिरालाल साहूनं पांढराशुभ्र कुर्ता घातला होता आणि तोंडभर पान. विचारल्यावर त्यानं काही लपवलं नाही, उलट छाती ठोकूनच सांगितलं.

"हव दीदी, गे रहेंव, गया था! मिल जाती तो वहीं तोड़ देता. आप ही बताओ, लंगोट वाले को कौन वोट देही?"

"मग?"

"मिली कहाँ? मैं गया तब तक कोई पहले ही सब तितर-बितर कर चुका था. नीचे-ऊपर सब देखा. ऊपर तो बस एक ठन खाली डब्बा रहिस, उसमें का देखतेंव?"

"काय म्हणाले तुम्ही?"

"खाली डब्बा, दीदी. लिखा ही था उस पर, बड़ा-बड़ा. खाली."

नीलिमाताई ताडकन उठल्या. चहाचा कप हिरालालच्या शुभ्र कुर्त्यावर सांडला, आणि सॉरी म्हणायचंही त्यांना भान राहिलं नाही.

४

रिक्षा सदर बाजाराच्या गर्दीत अडकली होती. पुढे स्कूटर, मागे स्कूटर, आणि मध्ये नीलिमाताई कपाळाला हात लावून.

किती साधी गोष्ट! सोनटक्क्यांनी लिहिलं मराठीत, खाली, म्हणजे खालच्या फळीवरचं. वाचणाऱ्यांनी वाचलं हिंदीत, खाली, म्हणजे रिकामं. अक्षरं तीच, मात्रेचाही फरक नाही. विकीनं 'खालीवाला' सोडला कारण रिकाम्या डब्यात काय बघायचं. हिरालालनं सोडला त्याच कारणानं. गंधालीचा बाप मराठी, पण ती मोठी झाली सदर बाजारात. तिलाही तो डबा फालतूच वाटत होता. तिघंही कॅसेटच्या हातभर जवळ गेले आणि एका शब्दानं तिघांनाही परत पाठवलं.

मग चौथ्याला कसं अडवलं नाही?

कारण त्याच्या डोक्यात तो शब्द मराठीत वाजला. वर ठेवलेल्या खोक्यावर 'खाली' बघून त्याला ते रिकामं वाटलं नाही, चुकीच्या जागी ठेवलेलं वाटलं. आणि चुकीच्या जागचं पार्सल दिसलं की ज्याचा हात आधी तिकडेच जातो, असा माणूस कोण?

नीलिमाताईंना ती गाठ आठवली. घट्ट, पण एक टोक ओढलं की सुटणारी. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात ती गाठ शिकवतात. श्यामकांत त्याच ऑफिसात नोकरीला लागला तेव्हा घराच्या ओट्यावर बसून त्यांनीच त्याला ती शिकवली होती.

"दीदी, स्टुडियो आ गया," रिक्षावाला म्हणाला.

"शंकर नगरले घे, श्यामच्या घरी," नीलिमाताई म्हणाल्या.

नवऱ्यानंच बायकोची एकुलती एक हलती-बोलती खूण चोरली? पोटच्या पोरीपासून? विश्वास बसत नव्हता, आणि बसल्यावाचून राहतही नव्हता.

५

श्यामकांत पलंगावर बसला होता. टीव्ही बंद होता आणि तो बंद टीव्हीकडेच बघत होता.

"श्याम, कुठं ठेवली?"

त्यानं एक शब्दही विचारला नाही, कोणती, कशी, कुणी सांगितलं. उठला, फळीवरून आपला ड्युटीचा जुना जेवणाचा डबा काढला आणि बहिणीच्या मांडीवर ठेवला. आत रुमालात गुंडाळलेली कॅसेट होती.

"जाळणार होतो," तो म्हणाला. "दोनदा माचिस ओढली. हातच नाही झाला."

"काहून रे? पोट्टी तिकडं दगड होऊन बसली होती! तिनं आईले कधी पाहिलंच नाही, अन् तू..."

"म्हणूनच!" श्यामकांत इतक्या मोठ्यानं ओरडला की त्या दचकल्या. "तुकडा पाहूनच मोबाइल पडला तिच्या हातून! मोठ्या पडद्यावर काय पाहिलं असतं तिनं? आईले मरताना पाहिलं असतं!"

नीलिमाताईंनी डबा बाजूला ठेवला.

"शूटिंगच्या वेळी मी डोंगरगडले ड्युटीवर होतो, ताई. दिवाकर म्हणे, वहिनीचं पोट खरंच हाये, अलवंतीण शोभून दिसन. लोक म्हणत, पोटुशीनं असलं करू नये. मी छाती फुगवून म्हटलं, आम्ही भूत मानत नाही, आमच्या घरी असलं चालत नाही. माया बी हसली. मग केबलवर सिनेमा लागला, अन् थे किंकाळी मी ऐकली. थे नाटकातली किंकाळी नोहती, ताई. मी माझ्या बायकोले ओळखतो. तिले काहीतरी दिसलं होतं. अन् मग बाळंतपणात गेली. जे झाली होती सिनेमात, तेच झाली."

"श्याम, रक्तस्राव झाला होता तिले. डॉक्टरनं सांगितलं होतं."

"माहीत हाये मले! दिवसा माहीत असते. मी काही अडाणी हाओ का? आजवर कुणाजवळ बोललो? वाचणारा, भाषणं देणारा माणूस मी, कोणत्या तोंडानं सांगू, का मले वाटते म्या तिले भूत व्हायले पाठवलं अन् थे भूत झाली?" त्यानं डब्याकडे बोट दाखवलं. "तुझाच नियम ना? कुणी पाहू नये ते आधी सांगायचं. त्या विकीनं सांगितलं नाही. मग मी सांगतो. चेतनानं पाहू नये."

"पापा."

दारात चेतना उभी होती. ती कधी आली, किती ऐकलं, कुणास ठाऊक. तिचा चेहरा हॉलमध्ये होता तसाच होता, फक्त आता डोळे वाहत होते.

"सत्ताईस साल आपने अकेले सुनी वो चीख," ती म्हणाली. "अब साथ में सुनेंगे."

"नाही बेटा."

"साथ में, पापा."

६

स्टुडिओचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं. सोनटक्क्यांनी कॅसेट आत सरकवली तेव्हा त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. नीलिमाताईंनी एवढंच म्हटलं होतं, की सापडली, कुठं ते विचारू नका. गंधाली बापाच्या खुर्चीमागे होती. विकी दाराशी उभा होता. त्यानंच पाय धरून आत यायची परवानगी मागितली होती, आणि चेतनानं ती दिली होती.

पडद्यावर आधी रेघा आल्या. मग एक झाड, मग विहीर, मग हिरालाल लंगोटात. कुणाला हसू आलं नाही.

मग माया आली. पांढरं लुगडं, मोकळे केस, चेहऱ्याला चुना. परेतीन! पण ती चालत होती. डावा पाय किंचित ओढत, थेट चेतना चालते तशी. चेतनानं तोंडावर हात घेतला.

माया विहिरीपाशी आली, वळली, कॅमेऱ्याकडे हात पसरले, आणि तिचे डोळे एकाएकी विस्फारले. ती किंचाळली.

श्याम खरं सांगत होता. ती किंकाळी खोटी नव्हती. श्यामकांतनं कानांवर हात दाबून मान खाली घातली होती.

केबलवर सिनेमा इथं कापलेला होता. विकीचा तुकडाही इथंच संपत होता. पण ही मूळ कॅसेट होती. ती फिरत राहिली.

माया पोटाला हात लावून खाली वाकली. मग खांदे हलायला लागले. आणि चुना फासलेली परेतीन खदाखदा हसत सुटली.

"थांबा ना, दिवाकरभाऊ, थांबा! बंद करा थे मशीन!" तिचा आवाज खोलीत भरला. "लाथ मारली हो पोट्टीनं! अशी मारली का जीवच गेला माहा! लोकायले भेव दाखवायले आली मी, अन् हेच मले भेव दाखवून राहिली!"

कॅमेऱ्यामागून तरुण सोनटक्क्यांचं हसू ऐकू आलं. "वहिनी, पोट्टीच हाये कशावरून?"

"माहीत हाये मले. एवढा जोर पोट्ट्याच्यानं होते का?" मायानं पोटावर हळूच चापट मारली. "काय गं? आईले भेव दाखवते? ये बाहेर, मग पाहतो तुले."

आणि पडद्यावर पुन्हा रेघा आल्या.

श्यामकांतनं कानांवरचे हात कधी काढले होते ते कुणी पाहिलं नाही. तो सोनटक्क्यांकडे बघत होता.

"तुले माहीत होतं?" त्यानं विचारलं. "थे हसली होती, हे तुले माहीत होतं?"

"होतं ना," सोनटक्के गोंधळून म्हणाले. "त्यात काय? किंकाळी मस्त आली म्हणून तेवढी ठेवली अन् हसणं कापलं. तू कधी विचारलंच नाही, श्याम. तू तर बोलणंच सोडलं माझ्याशी."

श्यामकांतच्या घशातून एक आवाज निघाला. तो रडतो आहे की हसतो आहे, हे त्याच्या सख्ख्या बहिणीलाही कळेना. सत्तावीस वर्षं हा माणूस ज्या किंकाळीला घाबरला, ती त्याच्याच पोरीची लाथ होती.

चेतना उठून पडद्याजवळ गेली होती. ज्या घरात आई नव्हती, त्या घरात तो शब्दही कधी लागला नव्हता. तिच्या तोंडी तो यायचा तो हिंदीतला, 'आली' या अर्थाचा, बिजली आई, गाड़ी आई, इतकाच. तिनं रेघांवर हात ठेवला.

"आई," ती म्हणाली.

दाराशी उभ्या विकीनं चमकून अर्ध्या शटरखालून रस्त्याकडे पाहिलं. बाहेर कोणीच नव्हतं.

"कौन आई?" त्यानं हळूच विचारलं.

"तिची," नीलिमाताई म्हणाल्या.